टीडीएस पेन: अडीचशे रुपयांत काय कळतं, काय कळत नाही (ठाणे-नवी मुंबईतल्या नव्या बिऱ्हाडांसाठी)

घोडबंदर रोडला, ऐरोलीला किंवा उलव्याला नवं बिऱ्हाड थाटलं, की खोकी उघडायच्या आत पाण्याबद्दलची माहिती तीन बाजूंनी घरात शिरते. सोसायटीच्या ग्रुपवर फॉरवर्ड येतो की इथल्या पाण्याने किडनी खराब होते. पोर्टलवर एखादं ठळक शीर्षक दिसतं. आणि फिल्टर विकणारा दार वाजवतो, दोन ग्लासांत सळया बुडवतो आणि नळाच्या पाण्याचा चिखल करून दाखवतो. यातलं खरं काय ते घरीच बघू म्हणून लोक टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजणारं पेन मागवतात. ऑनलाइन ते साधारण दीडशे ते पाचशे रुपयांत मिळतं. पेन जरूर घ्या. फक्त पाणी शुद्ध आहे का, या प्रश्नाचं उत्तर ते देऊ शकत नाही. पाणी बदललं का, या प्रश्नाचं उत्तर मात्र फार चांगलं देतं, आणि या भागात तोच प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे.

पेनच्या टोकाला दोन बारीक काड्या असतात. पाण्यात विरघळलेल्या क्षारांतून वीज वाहते, ती किती सहज वाहते हे पेन मोजतं, त्या आकड्याला ठरावीक गुणकाने (०.५ ते ०.७) गुणतं आणि पीपीएममध्ये दाखवतं. पीपीएम म्हणजे पिण्याच्या पाण्यापुरतं लिटरमागे मिलिग्रॅम. वीज वाहून न नेणारं काहीही त्याला दिसत नाही. ग्लासभर पाण्यात दोन चमचे साखर विरघळवा, आकडा जवळपास जागचा हलत नाही. जंतूंचं तेच, कीटकनाशकांचं तेच. शिसं तर आणखी लांबची गोष्ट आहे. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात शिसं लिटरला ०.०१ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, आणि पेनचा सर्वांत लहान आकडाच १ आहे. त्यामुळे ‘टीडीएस ६० आला, पाणी शुद्ध’ हे जितकं चूक, तितकंच ‘टीडीएस १८० आला, पाणी विषारी’ हेही चूक.

त्याच मानकात टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा ५०० आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत मुभा आहे. ठाणे-नवी मुंबईला नळाने येणारं पाणी सह्याद्रीच्या पावसाचं, धरणात आणि नदीत साठलेलं आहे. काळ्या कातळावरून वाहून आलेल्या या पाण्यात क्षार मुळातच कमी असतात, आकडा ५०० च्या पुष्कळ खाली राहतो. मराठवाड्यातून किंवा विदर्भातून आलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो. तिकडे बोअरचं पाणी उकळलं की पातेल्याला पांढरा थर धरतो, साबणाला फेस येत नाही, आकडा हजाराच्या घरात जाऊ शकतो. तिथे आरओ, म्हणजे पाण्यातले क्षार काढणारं यंत्र, घेणं शहाणपणाचंच होतं. इथे तीच खरेदी डोळे मिटून पुन्हा करायचं कारण नाही.

पेन वापरण्यात होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. टोपण काढून पेन खुणेच्या रेषेपर्यंतच बुडवा, हलकेच ढवळून काड्यांमधले बुडबुडे घालवा आणि आकडा स्थिर होईपर्यंत दहा-वीस सेकंद थांबा. मग होल्डचं बटण दाबून बाहेर काढा. एका ग्लासातून थेट दुसऱ्यात बुडवू नका, मध्ये स्वच्छ पाण्याने धुऊन झटका. गीझरचं गरम पाणी मोजू नका: तापमान अंशभर वाढलं की वाहकता साधारण दोन टक्क्यांनी वाढते, आणि स्वस्त पेनांतली तापमानाची दुरुस्ती खोलीच्या तापमानाच्या आसपासच भरवशाची असते. सगळ्यांत जास्त घोटाळा ‘×१०’ या खुणेने होतो. बऱ्याच पेनांत आकडा ९९९ च्या वर गेला की कोपऱ्यात ही खूण लुकलुकते, म्हणजे पडद्यावर १४३ दिसत असेल तर खरं वाचन १४३०. टँकरचं खारं पाणी ‘फक्त १४३’ म्हणून पास होतं ते असं.

पेन बरोबर आहे का, हे किचनच्या वजनकाट्यावर तपासता येतं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आणा, त्याचा आकडा शून्याजवळ यायला हवा. त्यातल्या एक लिटरमध्ये ५ ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा. या मिठाच्या पाण्यातलं १०० मिली घेऊन डिस्टिल्ड वॉटर घालून एक लिटर करा. आता लिटरमध्ये अर्धा ग्रॅम मीठ आहे. ०.५ गुणकाचं पेन ५०० च्या आसपास दाखवेल, ०.७ गुणकाचं ७०० च्या आसपास. दोन्ही पेनं ठीकच आहेत, फक्त तुमचं कोणतं ते कळतं. शेजाऱ्याच्या पेनवर १०० आणि तुमच्यावर १४० आले, म्हणून एकाच टाकीच्या पाण्यावरून वाद घालायची गरज उरत नाही. आकडा ३०० किंवा ९०० आला तर आधी सेल बदला (बहुतेकांत एलआर४४ चे दोन बटणसेल असतात) आणि तरीही तसाच आला तर पेन परत पाठवा.

आता त्या सळयांच्या प्रयोगाकडे. या प्रयोगाने जितके आरओ विकले जातात तितके कुठल्याही जाहिरातीने विकले जात नसतील, म्हणून तो नीट समजून घ्यायला हवा. यंत्राला सळयांच्या जोड्या असतात, त्यातली एक लोखंडाची, दुसरी ॲल्युमिनियमची. नळाच्या पाण्यात क्षार आहेत म्हणून वीज वाहते, लोखंडाची सळई झिजते आणि तिच्यातलं लोह पाण्यात उतरून हिरवट-तपकिरी साका होतो. दिसतो तो चिखल सळईचा आहे, पाण्यातला नव्हे. आरओच्या पाण्यात क्षार नाहीत, वीज वाहत नाही, सळई झिजत नाही, म्हणून ते पाणी नितळ राहतं. विक्रेत्याला एवढंच सांगा की आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि यंत्र पुन्हा लावा. तेही पाणी तसंच गढूळ होतं. यंत्र घरच्या विजेवर चालतं, तेव्हा प्रयोग चालू असताना ग्लासाला किंवा पाण्याला हात लावू नका आणि मुलांना लांब ठेवा.

दुसरा प्रयोग पिवळ्या रंगाचा. पाण्यात औषधाचे दोन-चार थेंब टाकतात, पाणी पिवळं होतं, आणि ‘हे बघा केमिकल’ असं सांगतात. ते औषध म्हणजे बहुधा ऑर्थोटोलिडीन, आणि पिवळा रंग म्हणजे पाण्यात क्लोरिन शिल्लक असल्याची खूण. ही चांगली बातमी आहे. आयएस १०५०० मध्ये शिल्लक क्लोरिन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावा असं म्हटलंय, कारण वाटेत कुठे जंतू शिरले तर तोच त्यांना मारतो. फिकट पिवळा रंग हवाच. गडद नारिंगी आला तर मात्र डोस जास्त पडलाय. ज्याच्यावर प्रयोग केला ते पाणी पिऊ नका, ओतून द्या.

आमच्या मते नव्या घरात टीडीएस पेनच्याही आधी ही क्लोरिनच्या थेंबांची बाटली घ्यावी. मासळीच्या टाक्यांचं सामान विकणाऱ्या दुकानात किंवा ऑनलाइन ती रंगाच्या तक्त्यासकट मिळते. खरी तपासणी अशी करायची: महापालिकेचं पाणी येण्याच्या वेळी सोसायटीच्या इनलेटवर, म्हणजे मीटरजवळच्या नळावर एक नमुना घ्या. दुसरा नमुना तुमच्या ओट्यावरच्या साध्या नळाचा. फिल्टरच्या नळाचा घेऊ नका, कारण त्यातला कार्बन क्लोरिन काढूनच टाकतो. खाली पिवळा आणि वर रंगहीन आला, तर महापालिकेकडून आलेला क्लोरिन तुमच्या इमारतीच्या टाक्यांमध्ये संपतोय. टाकीच्या तळाशी गाळ असेल, पाणी फार काळ पडून राहत असेल किंवा बाहेरची घाण आत येत असेल. दोन्हीकडे रंगहीन आला तर तक्रार महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात करायची, सोसायटीच्या सेक्रेटरीकडे नाही.

आपल्याकडे पाणी बिघडतं ते बहुतेक वेळा शेवटच्या टप्प्यात. पाणी चोवीस तास येत नाही. पुरवठा बंद झाला की पाइपातला दाब पडतो आणि जिथे गळती आहे तिथून आजूबाजूचं पाणी आत ओढलं जातं. पुढे अंडरग्राउंड टाकी. तिचं झाकण तुटलेलं असतं, शेजारी ड्रेनेजचा चेंबर असतो आणि पावसाळ्यात आवारात पाणी तुंबलं की ते झाकणाच्या फटीतून आत जातं. गच्चीवरच्या टाकीच्या ओव्हरफ्लो पाइपला जाळी नसेल तर कबुतरांची पिसं आत सापडतात. यातलं काहीही टीडीएसच्या आकड्यात दिसत नाही. टाक्या सहा महिन्यांनी धुतल्या जातात का, शेवटची तारीख कोणती, हे घर भाड्याने घेतानाच विचारा. धुतल्यावर किंवा पावसाळ्यात टाकीत ब्लीचिंग पावडर टाकायची असेल तर हिशोब सोपा आहे. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरिन असतो. लिटरला २ मिलिग्रॅमचा डोस द्यायचा तर १००० लिटरला सुमारे ६ ग्रॅम पावडर लागते. बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन वरचं निवळ पाणीच टाकीत ओता आणि किमान अर्धा तास थांबा. उघड्या पोत्यात राहिलेल्या पावडरीतला क्लोरिन उडून गेलेला असतो. सोसायट्यांमध्ये डोस देऊनही थेंबांना रंग येत नाही त्याचं हे नेहमीचं कारण आहे.

जंतूंचीच शंका असेल तर एचटूएस स्ट्रिपची छोटी बाटली मिळते. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावून उबदार जागी २४ ते ४८ तास ठेवायचं. पाणी काळं पडलं तर मैल्याचे जंतू असण्याची दाट शंका. मग नमुना प्रयोगशाळेत द्या, आणि निकाल येईपर्यंत पाणी खळखळून उकळी आल्यावर किमान मिनिटभर उकळत ठेवा. वापरलेली बाटली ब्लीचच्या पाण्यात बुडवूनच टाका.

मग पेनचं काम काय? टँकर ओळखणं. घरात आल्यावर पहिल्या दिवसापासून आठवड्यातून एकदा नळाचं पाणी मोजा आणि फ्रिजवर लिहून ठेवा. समजा आकडा एरवी ७० ते ९० मध्ये खेळतो. एप्रिलमध्ये एक दिवस तो ४०० झाला, तर सोसायटीने टँकर घेतलाय किंवा बोअरचं पाणी टाकीत सोडलंय. घोडबंदरच्या पट्ट्यात उन्हाळ्यात हे नेहमीचं आहे. खाडीलगतच्या भागांत, मग ती ठाण्याची बाजू असो की वाशी-बेलापूरची, बोअरला खारं पाणी लागू शकतं आणि आकडा आणखी चढतो. टँकर कुठे भरला, कुणी भरला, पावती आहे का, हे सेक्रेटरींना विचारायला हा आकडा हातात असला की बोलणं मुद्द्यावर राहतं. मात्र आकडा वाढला नाही म्हणजे टँकर आला नाही, असं म्हणता येत नाही. टँकर महापालिकेच्याच केंद्रावर भरलेला असू शकतो.

आता बातम्या. पत्त्यावर ‘नवी मुंबई’ लिहिलेल्या सगळ्या घरांत एकच पाणी येत नाही, आणि नव्या माणसाची इथेच फसगत होते. नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं धरण मोरबे, खालापूर तालुक्यातलं. तिथलं पाणी भोकरपाड्याच्या केंद्रात शुद्ध होऊन येतं. खारघर, उलवे, द्रोणागिरी हा सिडकोच्या पुरवठ्याचा भाग, तिकडे मुख्यतः पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाचं पाणी येतं. म्हणून ‘मोरबे भरलं, नवी मुंबईकरांची चिंता मिटली’ या बातमीने उलव्यातल्या घराचं काहीच मिटत नाही. मोरबेच्या बातमीत पातळी दिलेली असते. पूर्ण भरल्याची पातळी ८८ मीटर आहे, तिच्याशी ताडून पाहा. टक्का दिला असेल तर तो मागच्या वर्षी त्याच तारखेला किती होता हे बातमीत आहे का ते शोधा. मे महिन्यात धरण निम्मं रिकामं असणं हे वर्षाच्या चक्रातलंच आहे.

ठाण्याला चार ठिकाणांहून पाणी मिळतं: महापालिकेची स्वतःची योजना, स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका. शटडाउनची बातमी आली की आधी पाहायचं ते योजनेचं नाव, मग भागांची यादी: इटर्निटी, ऋतुपार्क, जेल, सिद्धेश्वर, समतानगर अशी. तुमचा भाग यादीत नसेल तर पिंपं भरायची घाई नको. यादीत असेल तर २४ तासांच्या पुढेही एक-दोन दिवस पाणी कमी दाबाने येणार असं धरून चाला आणि पहिल्या पाण्याची थोडी धार सोडून द्या, कारण रिकाम्या पाइपातला गाळ आधी येतो. फॉरवर्डमध्ये तारीख नसेल, फक्त ‘उद्या’ असेल, तर तो कोणत्या वर्षाचा ‘उद्या’ आहे ते महापालिकेच्या अधिकृत खात्यावर पाहिल्याशिवाय पुढे पाठवू नका.

मोठी शीर्षकंही अशीच वाचायची असतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्रालयाने शहरांच्या नळपाण्याचा अहवाल जाहीर केला, आणि मुंबईचं पाणी देशात सर्वांत चांगलं, दिल्लीचं नापास अशा बातम्या झाल्या. निष्कर्ष खरा होता, पण मुंबईतून घेतलेले नमुने होते १०. त्यावरून कळव्यातल्या किंवा नेरुळमधल्या टाकीबद्दल काहीही सिद्ध होत नाही. त्याच वर्षी २० मे रोजी राष्ट्रीय हरित लवादाने आरओबाबत आदेश दिला आणि ‘आरओवर बंदी’ असं शीर्षक फिरलं. आदेश होता पर्यावरण मंत्रालयाला: जिथे टीडीएस ५०० च्या खाली आहे तिथे आरओला मनाई करणारी अधिसूचना काढा, आणि जिथे परवानगी असेल तिथेही आधी ६० टक्के, पुढे ७५ टक्के पाणी परत मिळालं पाहिजे असं बंधन घाला. शीर्षकाच्या खाली जाऊन हे वाचणाऱ्याला आपल्या घराबद्दलची कामाची गोष्ट कळली, ती ५०० च्या रेषेची.

उलट्या बाजूचा फॉरवर्डही तितकाच पोकळ आहे, की आरओच्या पाण्याने हाडं ठिसूळ होतात. इथल्या मऊ पाण्यात कॅल्शियम मुळातच कमी. लिटरला २० मिलिग्रॅम धरलं तरी दिवसाला तीन लिटर पाण्यातून ६० मिलिग्रॅम मिळतं. ५० ग्रॅम नाचणीच्या पिठाची भाकरी त्याच्या जवळपास तिप्पट देते. आरओ नको म्हणायचं खरं कारण वाया जाणारं पाणी हे आहे. घरगुती यंत्रात एक लिटर पाणी मिळवताना साधारण तीन लिटर मोरीत जातं. दिवसाला २० लिटर वापरणाऱ्या घरात हे ६० लिटर झाले, आणि उन्हाळ्यात त्यातलं काही टँकरच्या पैशाचं असतं.

मग यंत्र कोणतं? वर्षभर नळाचंच पाणी असेल आणि आकडा २०० च्या आत राहत असेल, तर सेडिमेंट, कार्बन, यूएफ आणि यूव्ही एवढं पुष्कळ झालं. यूव्हीचा दिवा जंतूंना निकामी करतो, पण पाणी नितळ असेल तरच; जूनच्या पहिल्या पावसात पाणी पिवळसर येतं तेव्हा गाळाच्या सावलीत जंतू सुटतात. म्हणून आधीचा सेडिमेंट फिल्टर वेळेवर बदलायला हवा. यूव्हीच्या पाण्यात पुढे संरक्षण काही उरत नाही, ते भांड्यात दोन दिवस साठवू नका. यूएफच्या पोकळ धाग्यांची छिद्रं ०.०१ मायक्रॉनच्या आसपास असतात. जिवाणू अडतात, क्षार मात्र पाण्यातच राहतात, वीज लागत नाही. भाड्याच्या घरात, भिंतीला भोक पाडायला मालक तयार नसेल, तर वरून पाणी ओतायचा यूएफचा फिल्टर सर्वांत सोयीचा. महिनोन्महिने टँकर-बोअरवर असलेल्या आणि आकडा ५०० च्या वर टिकणाऱ्या सोसायटीत आरओ घ्या, तिथे त्याला पर्याय नाही. तांबं, अल्कलाइन, झिंक अशा नावाच्या जादा कार्ट्रिजसाठी एक रुपयाही जास्त देऊ नये.

आरओ घरात आधीच बसवलेला असेल, तर पेनचा दुसरा खरा उपयोग सर्व्हिसिंगच्या दिवशी होतो. माणूस येतो, फिल्टरच्या नळाचं पाणी मोजतो, ‘६० आला, मेम्ब्रेन गेलं’ म्हणतो आणि मोठं बिल काढतो. मेम्ब्रेन म्हणजे आरओतला क्षार अडवणारा पडदा. आत टीडीएस कंट्रोलरचा एक छोटा स्क्रू असतो. तो उघडा असेल तर मेम्ब्रेनला वळसा घालून आलेलं पाणी शुद्ध पाण्यात मिसळतं. नळाला ८० आणि फिल्टरला ६० येत असेल, तर बरंचसं पाणी मेम्ब्रेनमधून जातच नाहीये. स्क्रू पूर्ण बंद करायला लावा, दोन-तीन लिटर पाणी वाहू द्या आणि पुन्हा मोजा. नळाच्या आकड्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास आला तर मेम्ब्रेन ठणठणीत आहे. निम्मा आला तर बदलायला हरकत नाही. मेम्ब्रेन साधारण दोन-तीन वर्षं टिकतं. लवकर गेलं तर बहुधा त्याआधीचा कार्बन संपलेला असतो, कारण क्लोरिन मेम्ब्रेनला खातो. कार्बननंतरच्या नळीतलं पाणी ग्लासात घेऊन क्लोरिनचे थेंब टाका. पिवळं झालं तर आधी कार्बन बदला, नाहीतर नवं मेम्ब्रेनही तसंच जाईल. बदललेल्या प्रत्येक भागावर त्याच वेळी मार्करने तारीख आणि दोन्ही आकडे लिहून घ्या. पुढच्या खेपेला येणारा माणूस वेगळा असतो.